भज्यात माळवं किती?

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावावेत अशी सूचना केली, तेव्हा देशभर गाजले ते समोसा, वडा आणि जिलेबी. आता या पदार्थांवर सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा छापला जाणार, अशा बातम्या पसरल्या. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला, की असा कोणताही आदेश नाही आणि आपल्या खाद्यपदार्थांना लक्ष्य करण्याचा हेतूही नाही. चर्चा थांबली, पण तिच्या मुळाशी असलेला समज जागचा हलला नाही. तळणीचा पदार्थ एक तर मनसोक्त खायचा, नाहीतर साफ बंद करायचा, असा तो समज. घराघरांत हेच चालतं. तपासणीत रक्तातली चरबी वाढलेली दिसली की आजोबांची भजी बंद होतात. त्याच कढईतली भजी बाकीचे खात राहतात, आणि महिन्याभरात आजोबाही गुपचूप ताटलीकडे हात नेऊ लागतात. मला या दोन्ही टोकांपेक्षा मधला रस्ता पटतो. भजी सोडायची गरज नाही, त्यांचं माप बदलायला हवं. पीठ कमी, माळवं भरपूर, तेल तव्यापुरतं, आणि पदार्थ साऱ्या घरासाठी एकच.

हा विचार उंब्रजसारख्या गावात करून पाहावा, कारण प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिथे एकमेकींना खेटून आहेत. कराड तालुक्यातलं हे गाव तारळी आणि कृष्णेच्या संगमावर वसलेलं. नदीकाठची काळी जमीन, उसाच्या जोडीला आलं, हळद, भुईमूग, सोयाबीन, आणि बांधावर किंवा परड्यात घरापुरतं माळवं. दुसरीकडे गावाला लागून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग, चाफळ-पाटणकडे वळणारी वाहनं, आणि अशा प्रत्येक थांब्यावर असतात तशा सकाळपासून तापलेल्या कढया. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे, त्यामुळे शरीराच्या बळाची चर्चा या गावाला नवी नाही. पूर्वी इथल्या घरात तळण वर्षभर होत नसे, त्याला वेळ ठरलेली असे. आषाढात ‘आखाड तळायचा’, बेंदराला, गौरी-गणपतीला आणि पुरणपोळीच्या ताटात कुरडई-पापडाशेजारी चार भजी. शेंगतेल घाण्यावरून यायचं, ते मोजून वापरलं जायचं, आणि सणाच्या तळणात गेलेलं तेल पुढच्या आठवड्याच्या फोडणीत कमी करून भरून काढलं जायचं. ही काटकसर गरिबीतून आलेली होती, तिचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण तळणाला दिवस ठरलेले होते आणि आता ते उरलेले नाहीत, हे मान्य करावं लागेल.

उरले नाहीत याला आकड्यांचा पुरावा आहे. नीती आयोगाने २०२४ मध्ये खाद्यतेलावर प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशात दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोवर पोचला आहे. दिवसाला भागलं तर हे माणशी सुमारे ५४ ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने त्याच वर्षीच्या मे महिन्यात सुधारित आहार-मार्गदर्शिका जाहीर केली. तिच्यातल्या दोन हजार उष्मांकांच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. म्हणजे आपण बरोबर दुप्पट वापरतो. त्याच ताटात भाज्या मात्र दिवसाला ४०० ग्रॅम धरल्या आहेत. आमटीतल्या दोन फोडी आणि भाकरीवरची पळीभर भाजी एवढ्यावर भागवणाऱ्या घरात ४०० ग्रॅम कुठून येणार? एका बाजूला तेल दुप्पट, दुसऱ्या बाजूला माळवं अपुरं. भजी हा पदार्थ या दोन्हींच्या मधोमध बसलेला आहे, म्हणून तो सुधारला तर एकाच वेळी दोन्हीकडे फरक पडतो.

नेहमीच्या भज्यांत तेल इतकं का शिरतं, हे आधी समजून घ्यावं. डाळीच्या पिठाचं पाणीदार सरबरीत मिश्रण गरम तेलात पडलं की पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. भजं झाऱ्यावर घेतल्यावर आतली वाफ निवते आणि बाहेर चिकटलेलं तेल रिकाम्या झालेल्या भोकांत ओढलं जातं. म्हणजे बरंचसं तेल तळताना शिरत नाही, कढईतून काढल्यानंतर शिरतं. सोडा घातला की पीठ आणखी जाळीदार होतं आणि जाळी तेलाने भरते. तेल नीट तापलेलं नसेल किंवा एका घाण्यात खच्चून भजी सोडली, तर ती जास्त वेळ तेलात राहतात आणि अधिक तेलकट होतात. कुरकुरीत खेकडा भज्यांत पीठ कमी असतं हे खरं, पण कांद्याचे सुटे सुटे तुरे झाल्याने तेलाला लागणारा पृष्ठभाग वाढतो. त्यामुळे पीठ कमी म्हणजे तेल कमी, असा सरळ हिशेब तिथे चालत नाही. कोणाला शंका असेल त्याने कढईत ओतण्याआधी तेल मापून घ्यावं आणि तळून झाल्यावर, गार करून, पुन्हा मापावं. कमी झालेलं तेल कुठे गेलं हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही.

आता बदललेलं माप. चौघांच्या घरासाठी निवडलेलं, चिरलेलं, किसलेलं माळवं मिळून ४०० ग्रॅम घ्यावं. त्यात लहान जुडीभर मेथी किंवा शेपू, किसलेला दुधी किंवा कोबी, एखादं गाजर आणि एक कांदा. मीठ चोळून दहा मिनिटं ठेवलं की भाजी स्वतःच पाणी सोडते. दुधीचं पाणी फार झालं तर पिळून काढावं, पण फेकू नये, कणकेत किंवा आमटीत घालावं. मग डाळीचं पीठ १०० ग्रॅम, खुसखुशीतपणासाठी दोन चमचे तांदळाचं पीठ, आल्याचा ठेचा, हिरवी मिरची, ओवा, तीळ, हळद. वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही, सोडा तर नाहीच. पिठाने भाजीला धरून ठेवावं, झाकून टाकू नये, ही खूण. हाताला पाणी लावून बोटाएवढ्या जाडीचे चपटे गोळे करावेत आणि बिडाच्या तव्यावर, मध्यम आचेवर ठेवावेत. पहिली तीन-चार मिनिटं झाकण ठेवलं तर आतलं पीठ वाफेवर शिजतं. डाळीचं पीठ कच्चं राहिलं तर पोट धरतं, म्हणून ही पायरी टाळू नये. मग उलटून, झाकण काढून, दोन्ही बाजू तांबूस होईतो खरपूस भाजायचं. साऱ्या घाण्याला चार लहान चमचे तेल पुरतं. हिशेब केला तर माणशी १०० ग्रॅम माळवं, २५ ग्रॅम डाळीचं पीठ आणि जेमतेम ५ ग्रॅम तेल पडतं. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणासाठी ५ ग्रॅम तेल आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे. आपली भजी त्या तेलात बसतात आणि भाजी दुप्पट देतात. घरात आप्पेपात्र असेल तर तेल आणखी कमी लागतं. एअर फ्रायर असेल तर त्यातही होतात, पण त्यासाठी तो विकत घेण्याची काही गरज नाही.

ही रीत बाहेरून आणलेली नाही. अळूवडी आणि कोथिंबीरवडी आपल्याकडे आधी वाफवली जाते, मग कापली जाते आणि तळणं ही शेवटची, टाळता येणारी पायरी असते. वाफवलेली वडी तव्यावर परतली किंवा नुसती मोहरी-तिळाची फोडणी दिली तरी ताटात मानाने बसते. अळूला चिंच किंवा आमसूल हवंच, नाहीतर घसा खाजतो. भाजीच्या बाबतीत ऋतूप्रमाणे चालणं फायद्याचं. पावसाळ्यात घोसाळं, दोडका, अळू. डोंगराकडच्या भागात टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या. थंडीत मेथी, शेपू, चाकवत, गाजर, कोवळा हरभऱ्याचा पाला. उन्हाळ्यात कोबी, दुधी, पोकळा, आणि बारमाही शेवग्याचा पाला. शेवगा शेकडो घरांच्या अंगणात उभा असतो. आपण शेंगा तोडतो आणि पाला शेळीला घालतो. तो मूठभर पाला भज्यांच्या पिठात गेला तर एक पैसा खर्च न करता पदार्थाची किंमत वाढते.

किंमत वाढते म्हणजे काय, हे राज्याच्या प्रकृतीकडे पाहिलं की कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्याच पाहणीत प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा जादा वजनाचा, आणि स्त्रियांपैकी साधारण पाचवा हिस्सा गरजेपेक्षा कृश. हे दोन वेगळे समाज नाहीत, पुष्कळदा ते एकाच घरात, एकाच पंक्तीला बसतात. सासऱ्यांचं पोट सुटलेलं, सुनेचं हिमोग्लोबिन उतरलेलं, नातू भाजीला तोंड न लावणारा. या तिघांना वेगवेगळा आहार सांगणं कागदावर सोपं आहे. पण तिघांच्याही गरजेला उतरेल असा पदार्थ शोधायचा, तर माळव्याने भरलेली आणि तेलाने हलकी भजी त्यात नक्की येतात. डाळीच्या पिठात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि मैद्यासारखी झटकन साखर ते वाढवत नाही. पालेभाजीतलं कॅरोटीन शरीरात शोषलं जाण्यासाठी थोडं तेल लागतंच, त्यामुळे तव्यावरचा तो चमचा वाया जात नाही. पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह शरीर सहजी घेत नाही. वरून लिंबू पिळलं तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते जास्त घेतलं जातं. याच्या उलट काम चहा करतो. चहातले घटक लोह अडवतात. भजी आणि चहा ही आपली लाडकी जोडी, पण रक्त कमी असलेल्या बाईने आणि मुलांनी तरी चहा तासाभराने प्यावा. मला वाटतं, या एका सवयीचा उपयोग महागड्या टॉनिकपेक्षा अधिक दिवस होईल.

पहिला आक्षेप चवीचा, आणि तो खरा आहे. तव्यावरच्या भज्यांना कढईतल्या भज्यांचा कुरकुरीतपणा पूर्ण येत नाही. येतो असं सांगणारे लोक घरच्यांचा विश्वास गमावतात, आणि मग दुसऱ्यांदा कोणी ताटलीला हात लावत नाही. पण चव म्हणजे फक्त कुरकुर नव्हे. मेथीचा कडसरपणा, ओव्याचा वास, भाजलेल्या तिळाचा खमंगपणा आणि कडेला आलेला तांबूस पापुद्रा हे सगळं तव्यावर अधिक स्पष्ट लागतं, कारण तेल ते झाकत नाही. शेंगदाण्याचं जाडसर कूट दोन चमचे घातलं तर दाताखाली काहीतरी येतं, आणि सोबत लसणीची चटणी किंवा दही असेल तर पोरंही तक्रार करत नाहीत. ‘मग सरळ धपाटे का खाऊ नयेत?’ असंही कोणी विचारेल. जरूर खावेत. पण धपाटा हे जेवण आहे आणि भजी ही जेवणातली हौस आहे. पावसाची सर आली की माणसाला धपाट्याची आठवण होत नाही. जिथे हौस आहे तिथेच सुधारणा केली पाहिजे, कारण तो पदार्थ लोक खाणारच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. मुलांपासून भाजी लपवली तर त्यांना भाजी खायची सवय कशी लागणार? हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच भाजी वाटून, गाळून, पिठात बेमालूम मिसळावी या मताचा मी नाही. गाजराचा किस केशरी दिसू द्यावा, मेथीचं पान हिरवं दिसू द्यावं. आपण काय खातो आहोत हे मुलाला कळावं आणि तरी ते आवडावं, हाच तर उद्देश आहे. मेथी निवडायला, दुधी किसायला, गोळे थापायला मुलांना बसवावं, मुलींना आणि मुलग्यांना दोघांनाही. स्वतः थापलेला गोळा मूल सहसा टाकत नाही. भाजीवर रुसलेल्या मुलाला दटावून एक घास भरवण्यापेक्षा, त्याच्या हाताने बनलेल्या पदार्थातून तीच भाजी आठवड्यातून दोनदा समोर येणं अधिक गुणकारी. ओळखीने आवड तयार होते, आणि ओळख व्हायला तोच पदार्थ पुन्हा पुन्हा दिसावा लागतो.

तिसरा आक्षेप बायकांचा आहे आणि तो सर्वांत आधी ऐकायला हवा होता. आरोग्याचे सगळे सल्ले शेवटी स्वयंपाक करणारीच्या डोक्यावर येतात. मधुमेहवाल्यासाठी वेगळं, मुलासाठी वेगळं, उरलेल्यांसाठी वेगळं, आणि तिने स्वतः काय खाल्लं ते कोणी विचारत नाही. निवडणं, चिरणं, किसणं यात वेळ जातो, नुसता कांदा चिरून कढईत सोडणं सोपं पडतं. याचं उत्तर उपदेशाने मिळणार नाही, कामाच्या वाटणीने मिळेल. भाजी निवडण्याचं काम टीव्हीसमोर बसलेल्या कोणालाही करता येतं. आणि एकाच परातीतलं मिश्रण साऱ्या घराला चाललं, तर निदान वेगवेगळ्या ताटांचा व्याप वाचतो. ज्याला तिखट हवं त्याने ठेचा घ्यावा, ज्याला नको त्याने दही घ्यावं. सुधारणा टिकण्यासाठी ती करणारीचा वेळ वाचवणारी हवी, नाहीतर उत्साहाच्या आठवड्यानंतर जुनी कढई पुन्हा चुलीवर चढते. म्हणूनच ‘एका घरात एकच पदार्थ’ यावर माझा भर आहे.

राहिला कष्टकऱ्यांचा मुद्दा. दिवसभर उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या किंवा भांगलणीला वाकलेल्या माणसाला उष्मांक लागतात. त्याला ‘तेल कमी खा’ हे सांगणं शहरी उद्धटपणाचं होईल. मार्गदर्शिकेतलं ताट बैठ्या कामाच्या माणसासाठी आखलेलं आहे, हे विसरू नये. अशा घरात भज्यांना जोडून भाकरी जास्त, शेंगदाणे जास्त, हवं तर तव्यावर तेलही जास्त. माळवं मात्र त्यांनाही तितकंच हवं, आणि त्यांच्याच ताटात ते सर्वांत कमी असतं. दुसऱ्यांच्या रानात भाजी खुडणाऱ्या बाईच्या पोरांना घरी भाजी न मिळणं ही आपल्या भागातली लाजिरवाणी गोष्ट आहे. तिथे प्रश्न पाककृतीचा राहत नाही, मजुरीचा आणि बाजारभावाचा होतो.

कढई पूर्ण सुटणार नाही, सुटू नयेही. आखाड तळला जाईल, नैवेद्याला भजी होतील. पण तेव्हा एक नियम पाळावा. तळणीचं उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावं, पुन्हा तळायला घेऊ नये. राष्ट्रीय पोषण संस्थेचाही हाच सल्ला आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक संयुगं साठतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, त्यापुढचं तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. घरात ते मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळवंडलं, फेसाळलं, चिकट झालं किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरायला लागलं तर ते टाकण्याजोगं झालं, हे ओळखता येतं. विकणाऱ्याकडेही हीच खूण पाहून ग्राहकाने विचारावं. विचारणारे वाढले की तेल बदलणारे वाढतील.

महामार्गालगतच्या आणि बाजारातल्या गाडीवाल्यांना, आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल लावणाऱ्या बचत गटांना माझी विनंती आहे, की कढईशेजारी एक तवा ठेवून पाहावा. मेथीची, दुधीची, शेवग्याच्या पाल्याची तव्यावरची भजी, लिंबाची फोड आणि शेंगदाण्याची चटणी, अशी प्लेट विकायला ठेवावी. तेलाचा खर्च वाचतो आणि माळवं गावातल्याच शेतकऱ्याकडून घेता येतं. ज्या शाळांनी पोषण आहारासाठी परसबाग केली आहे त्यांनी त्यातल्या पालेभाजीची अशी भजी महिन्यातून एकदा मुलांकडूनच थापून घ्यावीत. आणि घरातल्या वाचकांनी येत्या रविवारी पाव किलो डाळीच्या पिठाऐवजी शंभर ग्रॅमच काढावं, उरलेली जागा माळव्याने भरावी आणि ती भजी आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच ताटलीतून वाढावीत.